शेवटचं माणूस जेवेपर्यंत

मेणात दात बसवत असताना धाकटीची जीभ सवयीनं टाळूला लागली आणि तिथंच थांबली. हातात प्लास्टरचा वरचा जबडा होता, एकही दात नसलेला, म्हाताऱ्या माणसाचा, इतर सगळ्यांसारखाच पांढरा आणि गार. लॅबच्या फळ्यांवर असे जबडे ओळीनं मांडलेले असत. प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी, नाव कुणालाच नाही. उभं आयुष्य तिनं लोकांच्या कवळ्या बनवण्यात घालवलं होतं आणि तिचं काम ज्यांच्या तोंडात बसलं त्यांतला एकही चेहरा तिनं पाहिला नव्हता. त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. माणसं तोंड उघडून बोलायला लागली की डोकं उठतं, त्यापेक्षा ती प्लास्टरमध्ये बरी, असं तिचं मत होतं. पण या जबड्याच्या टाळूवर मधोमध हाडाचा एक उंचवटा होता, बोराच्या बीएवढा, डावीकडे कललेला आणि मागच्या बाजूला दुभंगलेला. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. मग तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली. कल तोच, चीरही तीच. असा उंचवटा घराण्यात उतरत येतो, त्रास नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, असं एका डेंटिस्टनं तिला पूर्वी सांगितलं होतं. आईच्या टाळूला तो होता. आईला जाऊन वर्षं लोटली होती. म्हणजे आता जगात अशी टाळू आणखी एकाच माणसाची असू शकत होती, थोरल्या बहिणीची.

‘‘काय बाई, जबड्याशी बोलताय का?’’ शेजारच्या मशीनवरून पॉलिशवाल्यानं विचारलं.

‘‘बोलतेय. उत्तर देत नाही.’’

‘‘मग दात बसवा की लवकर. त्याशिवाय कसं देणार?’’

तिनं हात पुसले आणि हे काम पाठवणाऱ्या डेंटिस्टला फोन केला. ठसा कुणाचा, एवढंच विचारलं. मिशनच्या घरातली एक म्हातारी सिस्टर आहे, तो म्हणाला, हल्लीच कुठून तरी लांबून इकडं आणून ठेवलीय, डोक्यानं गेलीय बिचारी. काही खात नाही, चावता येत नसेल म्हणून कवळी करायला सांगितलीय. मोठी बाई आहे हां, तो पुढं म्हणाला, मरणाऱ्या माणसांची सेवा करण्यात जन्म घालवला तिनं, तेव्हा काम जरा मनापासून करा. धाकटीनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मिशनचं घर तिच्या रोजच्या बसच्या रस्त्यावर होतं. त्याची राखाडी भिंत ती सकाळ-संध्याकाळ खिडकीतून बघत आली होती. त्या भिंतीपलीकडे थोरली येऊन राहिली होती आणि ते तिला प्लास्टरच्या एका तुकड्यानं सांगावं लागलं. तिला आनंद झाला नाही. राग आला, आणि एवढा जुना राग अजून इतका ताजा कसा, याचं नवलही वाटलं.

लहानपणी रविवारच्या वर्गात फादर पुण्यवंत माणसांच्या गोष्टी सांगत. कुणी आपला झगा तलवारीनं कापून अर्धा भिकाऱ्याला दिला, कुणी महारोग्याच्या जखमांना ओठ लावले, कुणी साथीच्या गावात मागं राहून मेलेल्यांना माती दिली. बाकीच्या मुलींना त्या गोष्टी गोष्टींसारख्या वाटत. थोरली त्या घरी घेऊन येई. एका थंडीत तिनं कात्री घेतली, पांघरूण मधोमध कापलं आणि अर्धं कोपऱ्यावरच्या वेड्या बाईला नेऊन दिलं. पांघरूण धाकटीचं होतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. पण आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पुढच्या रविवारी फादरांनी ती गोष्ट वर्गाला सांगितली, आणि उरलेल्या अर्ध्या पांघरुणात पाय पोटाशी घेऊन झोपणारी मुलगी त्या गोष्टीत कुठंच आली नाही. झगा देणाऱ्याला धाकटी बहीण होती का, असं धाकटीनं फादरांना विचारलं होतं. फादर हसले होते आणि तिच्या डोक्यावर टपली मारली होती. थोरली मात्र हसली नव्हती. तिनं विचार केला होता, खराखुरा, कपाळाला आठ्या घालून, आणि म्हणाली होती, तुला आई आहे ना, तिच्या कुशीत ऊब असते, त्या बाईला कुणीच नाही. या हिशेबात काही चूक काढता येत नव्हती, आणि पुढं जन्मभर कधीच काढता आली नाही. ज्याला कुणी नाही त्याच्याकडे थोरली गेली. धाकटीला आई होती.

आणि मग आईला धाकटी उरली. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा थोरली दूरच्या शहरात त्याच मिशनच्या वॉर्डात होती. धाकटीनं फोन केला. पलीकडून थोरलीचा आवाज आला, दमलेला आणि फार मऊ. ती म्हणाली, ‘‘इथं एकजण आज जाईल असं वाटतंय गं, त्याचा हात सोडून उठता येत नाहीये. आईला सांग मी प्रार्थना करतेय. तू आहेस म्हणून मला काळजी नाही.’’ तो एक गेला असेल, मग दुसरा जायला टेकला असेल. तिथं तेवढीच एक गोष्ट कधी संपत नव्हती. धाकटी लॅबमधून येई, आईला पुसून घेई, कूस बदले, चमच्यानं भरवी. आई अर्ध्या तोंडानं गिळत असे आणि भेटायला आलेल्या शेजारणींना जड जिभेनं सांगत असे, माझी थोरली देवाची आहे, तिचा हात लागला तर माणूस शांतपणे जातो. शेजारणी धाकटीच्या हातातल्या वाटीकडे बघत आणि म्हणत, पुण्यवान आहात हो. त्या गेल्या की आई म्हणे, ‘‘मीठ कमी आहे.’’ थोरलीनं केली ती सेवा. धाकटीनं केलं ते घरचं काम. पिकतं तिथं विकत नाही, हे एक झालं. पण शेवटच्या दिवशी आईनं दातावर दात आवळले आणि चमचा आत जाऊ दिला नाही, आणि तोंड फिरवून दाराकडे बघत राहिली. तेव्हा धाकटीला वाटलं होतं, की आपल्या हातातच काहीतरी नाही. जे थोरलीच्या हातात आहे आणि ती जगात वाटत फिरतेय, ते वाटपात आपल्या घरापर्यंत आलंच नाही. नेमकं काय ते तिला ठाऊक नव्हतं. ते कसं असतं हे बघायला मिळावं, एवढंच तिला तेव्हा वाटलं होतं, आणि वाटून राहून गेलं होतं.

कवळी तिनं मनापासून केली. टाळूच्या उंचवट्यावर टोचू नये म्हणून तिथं गुलाबी भाग आतून पोखरून घेतला, स्वतःच्या जिभेनं मोजमाप घेत. बसवायला मीच जाते, असं डेंटिस्टला सांगितलं. त्याला काय, तेवढीच खेप वाचली.

मिशनच्या घरात फिनेलचा आणि उकडलेल्या बटाट्याचा वास होता. लांब बोळात त्यांच्या पंथातल्या थोर सिस्टरांच्या तसबिरी लावल्या होत्या, प्रत्येकीचे डोळे किंचित वर. या घराच्या प्रमुख मदर बोळाच्या टोकाशी खुर्चीवर बसल्या होत्या. थोरलीपेक्षा वयानं बऱ्याच लहान, अंगानं भरलेल्या, गुडघ्यांनी कामातून गेलेल्या. धाकटीनं नातं सांगितल्यावर त्या काठीचा आणि भिंतीचा आधार घेऊन उठल्या. ‘‘त्यांना कुणी आहे हे आम्हाला माहीतच नाही हो. विचारलं की वॉर्डाकडे हात करतात. ही काय माझी माणसं, म्हणतात.’’ मग त्यांनी काय चाललंय ते सांगितलं. या घरांची एक रीत होती, पहिल्या मदरनी घालून दिलेली. वॉर्डातलं शेवटचं माणूस जेवेपर्यंत सिस्टरनं घास तोंडात घालायचा नाही. आणि जेवलं की नाही हे आपण ठरवायचं नाही, त्याच्या तोंडून ‘पोट भरलं’ असं ऐकायचं आणि मगच पुढच्याकडे जायचं. ज्यांची वाचा गेलेली असेल त्यांच्या बाबतीत अर्थातच डोळ्यांकडे बघून समजून घ्यायचं. थोरलीचं बाकी सगळं पुसलं गेलं, नाव गेलं, प्रार्थना गेल्या, ही रीत तेवढी राहिली. फक्त समजून घेणं गेलं. ‘‘बोलणाऱ्या बायका पोट भरलं म्हणतात, या पुढं सरकतात. पण शेजारी पोस्टातली बाई आहे. तिची वाचा गेलीय. ती काही बोलत नाही आणि तोंड उघडायची थांबत नाही. या आपली वाटी तिला भरवतात आणि वाट बघत बसतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तिला हलवलं तर पलीकडची एक मुकी सापडते त्यांना.’’

थोरली खाटेच्या कडेवर बसली होती. तिचं तोंड हे एवढंसं झालं होतं. शेजारच्या खाटेवर पोस्टातली बाई होती, पेन्शनीतली, गालांवर लाली आलेली, चांगली गलेलठ्ठ. लुळ्या पडलेल्या माणसाच्या अंगावर मांस चढावं हे विचित्र दिसत होतं. थोरली धाकटीकडे बघून हसली, दारात आलेल्या कुणाकडेही हसावं तशी. तिनं शहाण्या मुलासारखं तोंड उघडलं. कवळी बसली, जशी तिथंच उगवली असावी. मदर म्हणाल्या, किती छान. थोरलीनं दात एकदा वाजवून पाहिले, मग दोन्ही हातांनी कवळी बाहेर काढली, पेल्यातल्या पाण्यात विसळली, आणि पोस्टातल्या बाईच्या तोंडाशी नेऊन म्हणाली, ‘‘घे. तुला दात नाहीत.’’ वॉर्डातलं कोणीतरी हसलं. दाराशी उभ्या असलेल्या नव्या पोरी, अजून व्रत न घेतलेल्या, हसल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर चर्चमध्ये असतो तसा भाव होता. त्यांतल्या एकीनं हल्ली रात्रीचं जेवण सोडलंय, मदर नंतर म्हणाल्या, त्यांचं बघून. ‘‘पोरींना वाटतं हे पावित्र्य आहे. मला वाटतं भूक आहे. पण मी तसं मोठ्यानं म्हटलं तर मलाच वाईट वाटतं.’’

डॉक्टरनं नाकातून नळी घातली होती, ती थोरलीनं उपटून टाकली. हात बांधले तर राहील, डॉक्टर म्हणाला. या घरात हात बांधत नाहीत, मदर म्हणाल्या. तेव्हा आता एकच राहिलं होतं, तिनं आपल्या हातानं खाणं. नाही खाल्लं तर किती काढेल, याचं उत्तर डॉक्टरनं खांदे उडवून दिलं होतं.

काही दिवसांनी मदरचा लॅबमध्ये फोन आला. थोरलीला मागच्या बाजूच्या खोलीत एकटी ठेवली होती, समोर मुकं माणूसच नको म्हणून. खोलीत खाट, खुर्ची आणि भिंतीवर येशू होता, क्रूसावरचा, प्रत्येक खोलीत असतो तसा. ‘‘त्यालाच भरवतायत,’’ मदर म्हणाल्या. ‘‘वाटी घेऊन उभ्या राहतात हात वर करून. तो तर काही बोलायचा नाही.’’ ‘‘तो खाली उतरवा ना मग,’’ धाकटी म्हणाली. मदर म्हणाल्या, ‘‘मी स्टूल घेऊन गेले होते. चढले पण. नाही झालं माझ्यानं.’’ एका नव्या पोरीला साध्या कपड्यांत समोर बसवूनही पाहिलं होतं. थोरलीनं तिचे कामानं सोललेले हात बघितले आणि म्हटलं, तू आमच्यातली आहेस, तू नंतर. ‘‘तुम्ही रक्ताच्या,’’ मदर म्हणाल्या. ‘‘एकदा येऊन बघा.’’

धाकटी दुपारच्या सुट्टीत गेली, डबा न उघडता. खोलीत शिरली तेव्हा थोरलीचा चमचा धरलेला हात वर होता आणि बाहीवरून सूप ओघळत होतं. लाकडाचे ते पाय तिच्या चमच्याच्या पुष्कळ वर होते. धाकटीला वाटलं, आता मी हिला हलवून विचारीन, ओळखतेस का मला, आई कशी गेली माहितीय का. त्याऐवजी ती खुर्ची ओढून भिंतीला पाठ लावून बसली, कारण तिचे पाय दुखत होते. थोरलीचा हात खाली आला. ती धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिली. एवढं निरखून धाकटीकडे कुणी कधी बघितलं नव्हतं.

‘‘जेवली नाहीस तू,’’ थोरली म्हणाली.

‘‘नाही,’’ धाकटी म्हणाली, कारण ते खरं होतं.

‘‘आ कर. सावकाश. घाई नाही.’’ आणि चमचा ओठांशी थांबवून ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘मी कुठं जात नाही.’’

सूप कोमट होतं, कुस्करलेला बटाटा घातलेलं, अळणीच म्हणायचं. ते धाकटीच्या जिभेवरून आत गेलं. त्या हाताबद्दल तिनं इतकं ऐकलं होतं. त्यात काही चमत्कार नव्हता. तो फक्त थांबत होता. घास तोंडात गेला की गिळून होईपर्यंत थांबत होता, नजर न हलवता, जसं काही या गिळण्यापलीकडे आज जगात दुसरं काम नाही. आईला आपण भरवत होतो तेव्हा आपण पुढचा घास भरून तयार ठेवत होतो, हे तिला त्या क्षणी कळलं. लॅबला उशीर होत असे. कुणी भरवण्याची तिला आठवणच नव्हती; अगदी लहानपणी आईनं भरवलं असेल, पण तेव्हाही घरात थोरली होती आणि आईचं लक्ष तिच्याकडे असे. पुढं ती उभ्या उभ्या जेवत आली, ओट्याशी, लॅबच्या बेसिनशी. तिनं घाईघाईनं थोडेसे घास गिळले आणि मग दारात मदर उभ्या आहेत हे लक्षात येऊन तिला चोरट्यासारखं झालं. ‘‘पोट भरलं,’’ ती म्हणाली.

थोरलीनं एप्रनच्या टोकानं तिचे ओठ टिपले. खोलीत नजर फिरवली. ती भिंतीवरच्या त्याच्यापर्यंत वर गेलीच नाही. दुसरं कुणी नव्हतं. मग ती खाटेवर बसली, खूप दिवसांनी कामावरून सुटलेल्या माणसासारखी, आणि उरलेलं सूप तिनं खाल्लं. तोंडात परत बसवलेले नवे दात एकमेकांवर वाजल्याचा आवाज आला. मदरनी तोंडावर पदराचं टोक धरलं. बोळातून परत जाताना त्यांनी धाकटीचा हात घट्ट धरून ठेवला होता. ‘‘एवढंच होतं बघा. शेवटचं माणूस हवं होतं, बोलता येणारं. रोज याल ना? चार घास खायचे आणि म्हणायचं पोट भरलं. एवढंच.’’

एवढंच होतं. धाकटी रोज जाऊ लागली. सुरुवातीला तिनं चार घासांवर शब्द काढले आणि थोरली जेवली. मग वाटलं, चार काय आणि सहा काय, वाटी मोठी करायला सांगू. वाटी मोठी झाली. मग कधी ती अर्ध्यावर पोचे आणि शब्द तोंडाशी येत, आणि त्याच वेळी थोरली म्हणे, सावकाश, मी कुठं जात नाही, आणि धाकटी ते पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून आणखी एकदा तोंड उघडे. ते तिला सांगितलेलं नव्हतं, हे तिला कळत होतं. कुण्या मेलेल्या, कुण्या रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसांना सांगत आलेलं ते वाक्य होतं, झिजून गुळगुळीत झालेलं. पण कान कुठं विचारतात कुणासाठी होतं म्हणून. ऐकलं की तिचं होई. लॅबमध्ये ती दुपारची वाट बघू लागली. सकाळचा चहासुद्धा टाळू लागली, भूक राहावी म्हणून. पॉलिशवाला म्हणाला, ‘‘बाई, तुमची तब्येत सुधारलीय बरं का. कुणाच्या हातचं जेवता?’’ ती म्हणाली, ‘‘बहिणीच्या.’’ आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर तिला इतकं बरं वाटलं, की दिवसभर ती मेणाचं काम गुणगुणत करत राहिली.

मग एके दिवशी वाटी रिकामी झाली. धाकटीनं ‘पोट भरलं’ म्हटलं तेव्हा आत काही उरलंच नव्हतं. थोरलीनं रिकाम्या वाटीकडे बघितलं, तिचे ओठ टिपले, आणि समाधानानं आडवी झाली. सगळे जेवले होते. आपण जेवायचं राहिलं, हे तिच्या लेखी कधीच महत्त्वाचं नव्हतं. मदरनी वाटी बघितली आणि छातीवर क्रूसाची खूण केली. ‘‘सगळं संपवलं? देवाची कृपा.’’ धाकटीनं तेव्हाच सांगायला हवं होतं. उद्या सांगू असं तिनं ठरवलं नाही. उद्या असं होणारच नाही असं ठरवलं, म्हणजे सांगायची वेळच नको.

उद्या तसंच झालं. नंतरही. कधी थोडं राही, थोरली तेवढं चाटूनपुसून खाई. बहुतेकदा राहत नसे. बसमध्ये परत येताना धाकटीला स्वतःची किळस येई आणि पोट मात्र गरम आणि शांत असे. ती मनाशी भांडे. म्हणे, आईच्या वाट्याचं, माझ्या वाट्याचं, इतक्या वर्षांचं सगळं हिनं परक्यांना वाटलं, आता त्यातलं चमचाभर मी परत घेतलं तर कुठं बिघडलं. मग म्हणे, बिघडतंय ते तुला दिसतंय, तिचे दंड बघ. दंड दिसत होते. गळपट्टीतून मान लाकडाच्या चमच्यासारखी वर आलेली दिसत होती. मदर म्हणत, ‘‘भांडं तर रोज रिकामं येतं, मग अंगी का लागत नाही हो?’’ डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, खाणं व्यवस्थित जात असेल तर आत काही तरी वाढत असणार, या वयात शोधत बसण्यात अर्थ नाही. शिरेतून काही देण्याचा विचार चालला होता तोही त्यांनी सोडला. कशाला छळा, मदर म्हणाल्या, तुमच्या हातून चाललंय ना, तेच चालू दे. कॉलेजच्या मुलामुलींचा एक घोळका सेवेचा आदर्श बघायला म्हणून आला, तेव्हा मदरनी दार किलकिलं करून त्यांना दाखवलं: आठवण गेली, पण माया गेली नाही, बघा. धाकटी खुर्चीवर तोंड उघडून बसली होती. मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना धाकटी आजारी वाटली असणार, आणि तिला त्या क्षणी वाटलं की त्यांचं काही चुकत नाही.

त्या दिवशी सकाळी मदरनी फोनवर सांगितलं, की फादर येऊन कपाळाला तेल लावून गेले, मरणाऱ्याला लावतात ते, शेवटचं म्हणून. पण डॉक्टर म्हणतोय, पोटात अन्न टिकलं तर अजून निघतील काही महिने. ‘‘आज जरा जास्त जाईल असं बघा.’’ धाकटीनं फोन ठेवला आणि पहिल्यांदा, डबा उघडून, सुट्टीच्या आधीच जेवून घेतलं. पोट तुडुंब भरलं. आता खोटं बोलायचंही कारण नव्हतं. बसमध्ये ती ते दोन शब्द पुटपुटत राहिली, इतकी, की शेजारची बाई सरकून बसली. पोट भरलं. आत गेल्या गेल्या म्हणायचं, खुर्चीवर बसायच्या आधी, एकही घास न घेता. मग ती जेवेल. सगळी वाटी तिची. तिला जगवायचं हे आपल्याला हवंय, हे धाकटीला अगदी स्वच्छ कळत होतं, आणि ती कोण लागते म्हणून नव्हे. ती गेली तर दुपार उरणार नव्हती.

थोरलीला आता उठवत नव्हतं. उशांच्या आधारानं बसवलं होतं, मांडीवर वाटी, वाटीत चमचा. धाकटीची चाहूल लागली तशी तिनं डोळे उघडले आणि भिंतीवरच्या त्याच्याकडे न बघता सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं. तेलाचा डाग कपाळावर अजून चमकत होता. चमचा उचलताना तिला दोन्ही हात लागले.

‘‘जेवली नाहीस तू.’’

धाकटीनं शब्द तयार ठेवले होते. ते जिभेवर होते. तिला एवढंच वाटलं, की ते म्हटले की ही नजर माझ्यावरून उठेल, खोलीभर फिरेल, आणि कुणी उरलं नाही असं बघून मिटेल. ती खुर्चीवर बसली. ‘‘नाही,’’ ती म्हणाली.

सूप निवलं होतं. भरल्या पोटावर ते उतरत नव्हतं, तरी ती गिळत राहिली. थोरली प्रत्येक घासाला थांबत होती, पूर्वीपेक्षा जास्त वेळ, कारण हाताला बळ यायला वेळ लागत होता. मध्ये एकदा चमचा निसटून चादरीवर पडला. धाकटीनं तो उचलून तिच्या बोटांत परत दिला. तिला वाटी उचलून थोरलीच्या तोंडाला लावता आली असती, थोरलीनं तोंड मिटलं असतं. शब्द म्हटल्याशिवाय ते उघडलं नसतं. सगळं शब्दांवर होतं आणि ती ते आता म्हणेन, या घासानंतर म्हणेन, असं करत वाटीच्या तळाकडे निघाली होती. तळाशी बटाट्याचा गाळ राहिला. निदान एवढा तिचा, धाकटीनं मनात म्हटलं, एवढा तिला द्यायचाच, आणि तिनं खरोखर बोलण्यासाठी तोंड उघडलं. थोरलीनं चमच्यानं वाटी नीट खरवडली, एक कणही न ठेवता, आणि उघडलेल्या तोंडात तो घास अलगद ठेवला. ‘‘मी कुठं जात नाही,’’ ती म्हणाली. आवाज कसाबसा ऐकू आला.

बोळात मदरच्या काठीचा आवाज झाला. त्या दाराशी येऊन थांबल्या आणि त्यांनी थोरलीच्या मांडीवरची पुसल्यासारखी लख्ख वाटी पाहिली. ‘‘जेवल्या ना आज सगळं?’’ त्यांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की धाकटीला तिकडं बघवेना. तोंडात घास होता म्हणून तिनं नुसती हो अशी मान हलवली.